सात नंबर

सेमिनरी हिल्सच्या चढावर, खसच्या ताट्यांआड,
एकवीस ससे.
फेब्रुवारीत आले तेव्हा पाच आठवड्यांचे,
कान अजून अंगापेक्षा मोठे.

सातांना हात लावला नाही.
सातांना नुसतं कापलं आणि शिवलं.
उरलेल्या सातांच्या कण्यात, डाव्या अंगाला,
तीन मणक्यांच्या कडेची वाढती कूर्चा
मी खरवडून काढली.
तांदळाच्या कणीपेक्षा जास्त नसेल.

आता मे. बाहेर शेचाळीस.
सुखदेव नेवारे कूलरमध्ये बादली ओततो,
लसूणघास निवडतो, पिंजऱ्यापाशी उकिडवा बसतो.
‘म्याडम, सात नंबर वाकडा होऊन राहिला.’

मला वाटायचं, जखम वाकवते.
फिल्म उजेडावर धरली तर
जखमेची बाजू गप्प, होती तेवढीच.
वाकवत होती ती उजवी,
जिला काही झालं नव्हतं,
जी रोज केसभर वाढत होती
आणि शेजारचं थांबलंय हे
जिला कोणी कळवलंच नव्हतं.

‘एक दोरा ताणला नं, का पुरी शिवण तिकडंच धावते.
माही बायको ब्लाउज शिवते, मले माहीत आहे.’
नाही, म्हटलं, ताणलं काहीच नाही.
दोरा थांबला, कापड वाढत गेलं.
तो हसला. ‘कापड कुठी वाढते?’

मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक
फिल्मवर ठेवून मी आकडे उतरवते.
अकरा. एकोणीस. बत्तीस.
सात नंबर, एक्केचाळीस.
नुसते शिवलेले सगळे सरळ,
म्हणजे दोष सुरीचा नाही.
हे वाक्य अहवालात जाईल.
मी ते दोनदा लिहिलं, एकदा खोडलं.

दुपारी लाइट गेली, कूलर थांबला,
तेव्हा सात नंबर समोर आला.
कंबरेत डावीकडे कललेला, मानेखाली
कोणी न सांगता उजवीकडे वळलेला.
एक वाक निस्तरायला
स्वतःच घडवलेला दुसरा वाक.
त्यामुळे डोके सरळ,
दोन्ही डोळे एका पातळीत.

त्याला शास्त्रात नाव आहे, पूरक वळण.

सुखदेवनं ओलं फडकं पिंजऱ्यावर टाकलं,
एक कोपरा उचलून ठेवला.
‘त्याले दिसलं पाहिजे,’ म्हणाला,
काय ते सांगितलं नाही.