सोमवारची सुट्टी

सोमवारी दुकान बंद.
शटर अर्धं ओढून
मी स्वतःचेच केस कापायला बसलो.
समोर आरसा, मागे आरसा, हातात माझीच कात्री.
तीस वर्षं नाना पेठेतली डोकी सारखी करणारे हे हात
माझ्याच मानेशी आले की उलटे चालतात.
डावीकडे म्हणावं तर उजवीकडे.
कानामागे खड्डा पडला, रुपयाएवढा.

रागाचा हिशोबही मी असाच ठेवत आलो.
कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी,
लाल पेनाने फुली: आज ओरडलो नाही.
पाडव्याला शपथ, चतुर्थीला शपथ,
एकदा तर आईच्या फोटोला हात लावून.
सगळ्यात टिकली ती अकरा दिवस.
बाराव्या दिवशी सौरभने गल्ल्यातले चाळीस रुपये
न विचारता घेतले,
आणि ज्या हाताने फुली मारायची
त्याच हाताने…

शैला काही बोलली नाही.
कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं, माळ्यावर टाकलं.
मार्च अजून संपला नव्हता.

टोपी घालून निघालो. रास्ता पेठेत,
केईएमच्या मागच्या बोळात, गेनूमामा बिडवे
सोमवारीही उघडं ठेवतात.
हाताला कंप आहे त्यांच्या;
वस्तरा टेकला की थांबतो.
टोपी काढली. ते हसले नाहीत.
"न्हाव्यालाही न्हावी लागतो," म्हणाले,
नि दोन बोटांनी डोकं खाली दाबलं.
"मान टाक."
"टाकलीय."
"कुठे? धरून ठेवलीयस."

हेच मी गिऱ्हाइकांना दिवसातून वीसदा सांगतो.
मान टाकणं म्हणजे मरणंसुद्धा,
हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग टाकली.
हनुवटी छातीला. दिसत होतं ते एवढंच:
मांडीवरचं कापड, त्यावर पडणारे माझे अर्धे पिकलेले केस.
तसाच वाकलेला असताना, देवा,
तुला हाक मारली.
देव्हाऱ्यापुढे मारतो तशी नाही,
तिथे मी यादी घेऊन येतो:
हे सुधारलं, हे सुधारतोय, हे श्रावणापर्यंत नक्की.
आज यादी नव्हती.
म्हटलं, माझी मागची बाजू मला दिसत नाही.
तुला दिसते.
वस्तरा तू घे.
थोडं कापलं तरी चालेल.

गेनूमामांनी ऐंशी रुपये पूर्ण घेतले.
मागे आरसा धरायला लागले.
"राहू द्या," म्हटलं.

घरी सौरभने दार उघडलं,
आणि हातभर बाजूला सरकला, हल्ली सरकतो तसा.
मी शपथ घेतली नाही.
जेवताना त्याच्या कोपराने तांब्या लवंडला.
पाणी माझ्या ताटाखालून, मांडीवर.
तो डोळे मिटून थांबला.
मीही थांबलो.
थांबलो म्हणजे, कुणीतरी दोन बोटांनी
डोकं खाली दाबल्यासारखं झालं.
फडकं घ्यायला आधी मीच वाकलो.

उद्या मंगळवार. नऊला शटर वर.
उद्याचं मी काही बोलत नाही.
तू बघ.