पुकारा

कोर्टाच्या दारात उभा राहून
मी एकतीस वर्षं लोकांची नावं ओरडलो.
तीनदा ओरडायचं, असा रिवाज.
पहिली हाक लिंबाखालच्या चहावाल्याला,
दुसरी वकिलाला,
तिसरी ज्याचं नाव असेल त्याला.

उकंडा महादेव निमकर हाजीर होऽ
हा मात्र पहिल्याच हाकेला यायचा,
चपला बाहेर काढून, जसं देऊळ आहे.

पहिल्यांदा आला तेव्हा मिसरूड फुटत होतं.
जिनिंगच्या आवारातली तांब्याची तार. सहा महिने.
दुसऱ्यांदा पाणबुडी मोटर,
साठ फूट विहिरीतून वर ओढलेली.
साहेबांनी मान वर केली : एकट्यानं?
हो साहेब, म्हणाला,
अन् त्याची छाती जराशी फुगली.
मी पाहिलं. स्टेनोनं टाईप केलं नाही.
दोन वर्षं.

मधल्या काळाचं कोर्टात कोणी विचारत नाही.
गावात कोंबडी हरवली की जमादार आधी त्याच्या दारात.
मुकादम म्हणे, तुले कामावर ठेवलं
तं माह्या पावड्या कोन मोजत बसन?

तिसऱ्यांदा शिलाई मशीन.
कौतिकाबाई तायडे, साक्षीदार नंबर एक,
पिंजऱ्याची कड घट्ट धरून उभी :
साहेब, बासष्ट गणवेश कापून ठेवले होते म्या.
बासष्ट लेकरं जुन्याच कपड्यात झेंड्याले गेले.
याले सोडू नका.
दाराशी उभ्या उभ्या मी मनात म्हटलं,
खरं आहे, माय.

मग सरकारी वकिलांनी
दोन जुने पिवळे निकाल नव्या कागदांना टाचले.
कलम पंच्याहत्तर.
(नव्या पुस्तकात आकडा बदलला म्हणतात, वजन तेच.)
टाचणीचा आवाज होत नाही.
आठ वर्षं.

त्याच दुपारी पुढचा पुकारा.
बायकोचा हात मोडलेला इसम, चौथ्यांदा.
चारही वेळा त्याचं नाव मीच ओरडलो होतो,
पण ते कलम चीजवस्तू मोजतं,
खोटी नाणी मोजतं, हात मोजत नाही.
तडजोड झाली.
चौथी वेळ पहिलीसारखी कोरी.
चहा त्यानंच पाजला सगळ्यांना. मीही प्यालो.

व्हरांड्यात उकंड्याची माय बसली होती,
डब्यात भाकर, वर कांदा.
आधीचे दोघं पाळण्यातच गेले म्हणून
हा झाला तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर ठेवलं
अन् शेजारणीकडून सूपभर कोंड्यात विकत घेतला,
काळाला वाटावं, कचरा आहे.
मला म्हणाली,
बाबू, काळ इसरला त्याले.
तुमचं कागद नाही इसरलं.
मी म्हटलं, गाडी येईल आता, डबा देऊन घ्या.
दुसरं काय म्हणणार?

मशीन सापडली होती, भंगारवाल्याकडे.
पण मुद्देमाल म्हणून तीन पावसाळे मालखान्यात राहिली,
गळ्यात नंबराची चिठ्ठी.
निकाल लागल्यावर अर्ज, अर्जावर सही,
सहीवर शिक्का,
मग एका मंगळवारी कौतिकाबाई ऑटो घेऊन आली.
चाक जाम. सुईच्या जागी कोळ्याचं घर.
तिनं पदरानं पुसलं, तेल मागितलं.
माझ्याकडे तेल कुठलं.

लोखंडी पायासकट उचलायला गेलो
तर माझ्यानं हलेना.
तिनं एक बाजू धरली, ऑटोवाल्यानं दुसरी,
मधे दोनदा टेकवली.
कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली,
मशीनकडे पाहत, रस्त्याकडे पाहत.
चार कोस आहे माह्यं घर, म्हणाली.
रातची वेळ. चिखल.

मग हळूच,
साहेबांनी त्या दिवशी विचारलं होतं
अगदी तशाच आवाजात :
एकट्यानं नेली व्हय त्यानं?