उलटी लादी

शारजात, रोल्ल्याच्या मागच्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, भाडेकरार, मृत्यूचा दाखला,
दिवसभर मी दुसऱ्यांची आयुष्यं रकान्यांत बसवते.
कॉपीराइटचा अर्ज वर्षातून एखादा.

आज आले बाबाजी घाडीगावकर, कणकवलीकडचे,
लादी बसवणारे. नखांत अजून पांढरं सिमेंट.
मोबाइलवर फोटो : कॅम्पच्या जेवणघराची जमीन.
कंपनीने फेकलेले फुटके तुकडे,
निळे, राखी, एखादाच शेंदरी,
ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा रेघा.

मी यादी वाचली.
पुस्तक चालतं. नकाशा, छायाचित्र, पुतळा,
इमारतीचं रेखाटन, संगणकाचा प्रोग्रॅम.
"तो पण?"
तोही.
नुसती कल्पना चालत नाही. पद्धत नाही, बातमी नाही.
"मग रेघा डोक्यात होत्यो तेव्हा कोणाच्यो?"
म्हटलं, तेव्हा कोणाच्याच नाहीत, काका.
लादी चिकटली, मग तुमच्या.
बोलताना माझं मलाच बरं वाटलं
आणि पुढचा रकाना आला :
काम कोणाच्या नोकरीत असताना केलं?

"लादी कंपनीची. हात माझो.
शुक्रवार पण माझो."
मी 'शुक्रवार' टाइप केलं, खोडलं.
वाराला तिथे जागा नव्हती.

मग दुसरा फोटो. नव्या हॉटेलची लॉबी,
इटालियन संगमरवर, वर झुंबर,
खाली त्याच रेघा.
तिसऱ्या ओळीत, शेंदरीच्या शेजारी,
जेवणघरात एक लादी उलटी बसलेली,
खडबडीत पाठ वर.
लॉबीतही उलटी.
तिच्या पाठीला त्यांनी पॉलिश केलं होतं.

मी खुर्चीतून उठलेच.
काका, हाच पुरावा! ओळख म्हणून ठेवलीत ना, मुद्दाम?
ते हसले.
"मुद्दाम खय! रात्रीचे दोन वाजलेले,
झोप येय होती."

काम स्वतःच्या मनातून आलेलं हवं,
असं अर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरात आहे.
झोपेबद्दल काही नाही.
वर्णनाच्या रकान्यात मी लिहिलं :
'एक लादी उलटी.'
कर्सर लुकलुकत राहिला. पुढे काय लिहू?

घाडीगावकर तोवर ओणवे झाले होते,
आमच्या दारापाशी, बोटाच्या पेरानं
जमीन ठोकून बघत.
"ही पोकळ आसा," म्हणाले,
"दोन म्हयन्यांत फुटतली."