विषय क्रमांक सतरा

घरफाळा विभागात माझं टेबल खिडकीपासून तिसरं.
पडद्याच्या कोपऱ्यात आजपासून पिवळी पट्टी:
परवाना संपायला उरले एकोणीस दिवस.
आधी वाटलं, माझी निवृत्तीच कुणीतरी मोजतंय.

सभागृहात विषय सतरावा.
कंपनीचा माणूस, बूट न वाजवता चालणारा,
त्यानं दरवर्षीचा आकडा सांगितला
आणि आमच्याकडंच पाणी मागितलं.
मग आमचा नेमगोंडा मगदूम, वय सव्वीस, कंत्राटी:
साहेब, मुक्त प्रणाली घेऊया.
तिचा कोड उघडा असतो. कुणीही वाचावा, दुरुस्त करावा.

मागच्या बाकावरनं नगरसेविका शिणगारेबाई:
"उघडा? मग तिजोरीला कुलूप कोण लावणार, तुझा आज्जा?"
सभागृह हसलं. मीही हसले.
नेमगोंडाचे कान लाल.
"बाई, तुम्ही दूध कुठनं घेता?"
"गंगावेशीतनं. दुसरं कुठनं?"
"का?"
"डोळ्यांसमोर धार काढतात म्हणून."
तो खाली बसला.

मला पुराचं साल आठवलं.
तळमजल्यातली रजिस्टरं आम्ही सुतळीवर वाळत घातली,
कपड्यांचे चिमटे घरनं आणून.
पानं पापडासारखी झाली, शाई फुटली,
तरी वाचता आलं:
दौलू रामा कुंभार, बाकी सहा आणे.

आणि जुन्या संगणकातली ती नऊ वर्षं,
ज्यांची कंपनी बुडाली (पाण्यात नव्हे),
ती उघडली की नावांच्या जागी
चौकोन, चौकोन, चौकोन, थकबाकी.
त्यातला एक चौकोन माझे सासरे असतील.

खरं सांगू? मला नवं काही नको होतं.
सातवं बटण दाबलं की पावती,
एवढं बोटांना पाठ आहे.
जिन्यात नेमगोंडाला हेच बोलले.
"मावशी, ते बटण तिथंच ठेवतो की.
कोड आपला असल्यावर अडवतंय कोण?"

विषय तहकूब. समिती नेमायची ठरली.
समितीत कोण, ते पुढच्या सभेत.

संध्याकाळी गंगावेशीत उतरले.
धारेला बसण्याआधी गवळ्यानं
चरवी माझ्यापुढं तिरकी धरली, रोजच्यासारखी:
रिकामी आहे, बघा.
इतकी वर्षं मी नुसती मान हलवत आले.
आज वाकून आत बघितलं.