क्रमशः

पहिल्या खेळाच्या शेवटी तातू
दारापाशी पोचायचा, कंदील वर धरायचा,
आणि काळ्या पडद्यावर एकच शब्द उमटायचा: क्रमशः.
त्यानंतर ती कंपनीच बुडाली.
साओ पावलोत तिच्या मजल्यावर आता गाद्या विकतात म्हणे.

तातू म्हणजे पाठीवर खवले असलेला,
भ्यायला की चेंडू होऊन गडगडणारा आमच्याकडचा प्राणी.
पडद्यावर सोळा ठिपके उंच, तीन रंग, डोळा एकच.
तीस वर्षं तो त्या दारापाशी कंदील धरून उभा.
हात भरून आला असेल.

मी पेलोतासमध्ये फ्रिज दुरुस्त करतो.
जूनमध्ये इथे भिंतींना घाम फुटतो
आणि फ्रिजची आठवण कुणाला येत नाही.
त्या मोकळ्या रात्रींत मी दार उघडायला घेतलं.

जागा बत्तीस किलोबाइट. त्यातच डोंगर, त्यातच वटवाघळं,
त्यातच गाणं.
धबधबा हवा तर पूल लहान करा,
पूल हवा तर राक्षसाची एक भुवई काढा.
झुलेइका माते ओतता ओतता म्हणाली,
घरखर्चात इतकी काटकसर केली असतीस तर
छपराचे पत्रे कधीच बदलले असते.
खरंय.
शेवटी अकरा बाइट्स उरले. ते मी कशालाच दिले नाहीत.

जुन्या खेळात कडा म्हणजे कडा.
पाय सुटला की संपलं.
दिर्सेऊ नेहमी उशिरा बटण दाबायचा,
उडी मारताना जॉयपॅडसकट स्वतःच कोचावर उंचवायचा,
आणि तिसऱ्या दरीत तातू दगडासारखा खाली.
मी हसायचो.
कार्ट्रिज काढून त्यात फुंकर घालायचो,
जणू चूक धुळीची होती.
तो म्हणायचा, मी दाबलं होतं रे. दाबलं होतं.

आता मी ते मोजलंय.
सेकंदाला साठ चित्रं.
कडा संपल्यावरही सहा चित्रांपुरती
तातूच्या पायाखाली मी जमीन ठेवली आहे.
ती दिसत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, आपणच वेळेवर उडालो.
सेकंदाचा दहावा भाग.
काठावर पास करायला मास्तरला तेवढा पुरतो.

एका जुन्या फुटबॉलच्या खेळाचं कवच फोडलं,
चिप डाखली, लेबल झुलेइकाच्या भाच्याने रंगवलं
(कंदील जरा टोमॅटोसारखा झालाय, असू दे).
सात प्रती केल्या.
सहा ओळखीतल्या वेड्यांना.
सातवी मानाउसला, दिर्सेऊच्या पत्त्यावर,
तोच पत्ता आहे की नाही हे माहीत नसताना.

बाबांचं घर विकलं त्या दिवशी
नोटरीच्या कचेरीत आम्ही एकच पेन वापरलं,
आणि ते त्याने मला हातात न देता टेबलावर ठेवलं.
त्याला आता अकरा वर्षं झाली.
पार्सलमध्ये चिठ्ठी घालावी म्हणून तीनदा बसलो.
तिन्ही वेळा जागा पुरली नाही,
अख्खा कोरा कागद असून.

पाच आठवडे काही नाही.
मग काल दुपारी, एका खाटकाच्या शीतपेटीत
खांद्यापर्यंत हात घालून बसलो होतो,
तेव्हा फोन थरथरला. नाव नाही, नुसता नंबर.

"चौथ्या भागात तातू भिंतीत अडकतो.
धबधब्यानंतरची भिंत. दोनदा झालं."

एवढंच. कसा आहेस नाही, काही नाही.
मी तसाच उभा राहिलो, बोटं बधिर,
खाटीक विचारतोय, काय झालं, गॅस संपला का?

चौथा भाग.
म्हणजे तिसरी दरी त्याने ओलांडली.

रात्री बघितलं. बरोबर आहे, अडकतो.
एका बाइटचा घोळ. दहा मिनिटांचं काम.
अजून हात लावलेला नाही.
आधी त्याला उलट विचारलंय:
नक्की कुठली भिंत? डावीकडची की उजवीकडची?
आणि अडकल्यावर
कंदील चालू राहतो का?