मुद्देमाल

लाख वितळताना आधी जुन्या टपालाचा वास येतो,
मग जळक्या केसांचा.
सतरा वर्षं हेच करतेय :
पाकीट, दोरा, लाख, पितळी मोहोर, पंचांच्या सह्या.
पंच बहुतेकदा कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला.
त्याची सही आता माझ्याहून वळणदार झालीय.

काटा रविवार पेठेतल्या सोनाराकडून घेतलेला.
तोलताना पंखा बंद करते,
नाहीतर वाऱ्याने एखाद्याची शिक्षा बदलायची.
विनोद नाही हा.
अल्प मात्रा, व्यापारी मात्रा, आणि मधली ती बिननावाची.
दशांशचिन्हावर
माणसं उभी केलीत कायद्याने.

दिल्लीहून दर तिमाहीला तक्ता येतो.
पुरवठा घटवा. मागणी घटवा.
पुरवठ्याला अकरा रकाने :
किलो, ग्रॅम, वाहन, आरोपी,
आंतरराष्ट्रीय बाजारभाव
(हा आधी भरायचा, पेपरवाले हाच विचारतात).
मागणीला रकाना एकच : राबवलेले उपक्रम.
तिथे मी लिहिते
सव्वीस जून, प्रभातफेरी, चारशे विद्यार्थी,
शपथ, केळी.

निनाद खैरमोडेकडे निघाले एक पूर्णांक आठ ग्रॅम.
विमाननगरात दुचाकीवरून लोकांची जेवणं पोचवायचा.
मे महिन्यात अंगात हुडी, दात वाजत होते.
म्हणाला, मॅडम, हे परत मिळतं का?
सगळं ठाणं हसलं.
मीसुद्धा.

त्या पुडीबद्दल नव्हता विचारत.
पाकिटात एक पावती होती,
आईचं मंगळसूत्र गहाण ठेवल्याची.
पंचनाम्यात मीच लिहिलं होतं :
नग तीन, घडी घातलेला कागद, एक.

रात्री कायद्याचं पुस्तक काढलं.
कलम सत्तावीस पाठ आहे, झोपेतही लावता येतं.
चौसष्ट-अ चं पान मात्र अजून कोरं करकरीत,
कडेला धूळसुद्धा नाही.
स्वतःहून उपचाराला जाईल त्याच्यावर खटला नको,
असं त्यात छापलंय,
दिल्लीनेच.

त्याच्या बहिणीला चहाच्या टपरीवर बोलावून अर्ज लिहून दिला.
वर्दीवर जॅकेट घातलं होतं, का कोण जाणे.
वकील म्हणाले, असा अर्ज मी पाहिलाच नाही कधी.
केंद्रातली बाई फोनवर चांगलं बोलली :
खाट रिकामी नाही हो,
दिवाळीनंतर बघू.

ऑक्टोबरात जप्त माल भट्टीत गेला.
साहेब, फोटोग्राफर, तोंडाला मास्क.
आकडा मोठा होता, टाळ्या झाल्या.
धूर चिमणीतून सरळ वर गेला,
त्या दिवशी वारा नव्हता.

निनाद तारखेला येतो, कधी येत नाही.
आला की माझ्याकडे बघत नाही,
माझ्या कपाटाकडे बघतो.

कागद सोडवायला कोर्टाचा हुकूम लागतो.
पावतीची मुदत पाच तारखेला संपली.
नग तीन अजून खालच्या खणात आहे,
मोहोर शाबूत.