ग्रामप्री

ग्रां प्री म्हणायचे पात्रांव.
आम्ही म्हणायचो ग्रामप्री,
आणि ग्राम आमचंच असल्यामुळे
चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

डिचोलीच्या वरचा सडा.
भात कापून झालं की नाताळाआधीचा रविवार.
खाणीच्या फाट्यापासून राखणदाराच्या वडापर्यंत,
तिथून उतरून तळ्याकडे, तळ्याकडून पुन्हा वर.
वळणावळणाला पेंढ्याचे भारे रचलेले,
शर्यत संपली की म्हशी
सगळी सुरक्षा खाऊन टाकायच्या.

निशाण बाबांनी शिवलं.
पांढरं जुन्या धोतराचं, काळं मोडक्या छत्र्यांचं.
एका कोपऱ्यात दोन काळे चौकोन शेजारी आले
ते सहाही वर्षं तसेच राहिले.
वेगात कोण बघतं, बाबा म्हणायचे.
मी बघायचे.

माझं काम मोजायचं.
गाडीला एक करवंटी, फेरीला एक चिंचोका.
खरं मोजमाप कस्टमातल्या आल्वारिश साहेबाचं,
त्याला घड्याळ, खुर्ची
आणि टोपी धरायला माणूस.

पहिल्या वर्षी पाच गाड्या निघाल्या, दोन पोचल्या.
दुसऱ्या वर्षी एक लाल गाडी आली थेट लिस्बनहून,
सड्याच्या धुळीत ती कुठे संपते
आणि धूळ कुठे सुरू होते, कळेना.
तिसऱ्या वर्षी रुफीन फुर्ताद तळ्यात गेला,
वर आला तेव्हा दातांत चिरूट तसाच.
चौथ्या वर्षी आमची कवळी गाय मेली.
चौथ्याचं दुसरं काही मला आठवत नाही.

पाचव्या वर्षी झिलू मांद्रेकर.
भाडी मारणारा. डिझेलची गाडी,
सकाळी अस्नोड्याला वऱ्हाड सोडून तसाच आलेला,
बॉनेटवर झेंडूची माळ.
त्याच्या करवंटीत विसावा चिंचोका पडला तेव्हा
पात्रांवच्या धाकट्याच्या एकोणीस.
आल्वारिश साहेबानं घड्याळ बघितलं,
पात्रांवकडे बघितलं,
पुन्हा घड्याळ बघितलं
आणि झिलूची एक फेरी कमी भरली.
मी उभी राहिले.
बाबांनी हात दाबला.
मी बसले.
झिलूनं इंजिन बंदच केलं नव्हतं,
वऱ्हाड परत आणायचं होतं.

सहाव्या वर्षी तो आला नाही.

सातवीची पत्रकं लागली होती, चोवीस तारखेची.
चिकटवायची खळ मीच शिजवलेली.
अठराला दोडामार्गाकडून गाड्या आल्या,
जीप, ट्रक, पुन्हा जीप, सगळ्या हिरव्या.
गाव रस्त्यावर. ओरडून ओरडून माझा घसा बसला.
आणि बाबा दाराच्या चौकटीवर
शिवणाच्या खडूनं रेघा ओढत होते, सवयीनं,
एकशे बारापर्यंत.
मग खडू संपला.

चोवीसला मी करवंट्या घेऊन जाऊन आले.
साहेबाची खुर्ची होती.

लोक म्हणतात, शर्यत बंद झाली.
बंद व्हायला कुणीतरी बंद करावी लागते.
टायर मिळेनात, पेट्रोल मापून मिळायचं,
पात्रांव शेटजी झाले,
एवढंच.
मग खाणीचे ट्रक त्याच वाटेनं,
तोच फाटा, तोच वड, तेच तळं,
दिवसाला हजार फेऱ्या, चाळीसेक वर्षं,
कुणी निशाण दाखवलं नाही.
तळं तांबडं झालं.
एके दिवशी तेही थांबले,
आता त्यांच्या हौद्यांत रानतुळस उगवते.

यंदा चवथीला झिलूचा नातू आला.
आजोबा खरंच जिंकले होते का, विचारत होता.
मी फडताळातून करवंटी काढली,
जमिनीवर उपडी केली, मोजले.
एकोणीस.
पुन्हा मोजले.
एकोणीस.
करवंटीच्या तळाला चिमूटभर पीठ होतं,
किड्यानं पोखरलेलं.
ते बोटावर घेऊन मी त्याच्यापुढे धरलं.
म्हटलं, हा विसावा.